धनी नव्हे, कारभारी

आज नाताळ. गव्हाणीत निजविलेल्या बाळाच्या जन्माचा हा उत्सव. ज्याला जन्मसमयी पाळणाही लाभला नाही, त्याच्या नावाने एकत्र आलेल्या मंडळींनी द्रव्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा विचार आजच्या दिवशी अप्रस्तुत नाही. वैजनाथाच्या परळीत आमची हयात कीर्तनसेवेत गेली. तरीही हा विषय आम्हांस परका वाटत नाही. देवाच्या दारी पैसा आला की त्यापासून होणारे कल्याण आणि होणारा घात सर्वत्र सारखाच असतो.

मराठी बायबलात या विषयाचा सारा भार एका साध्या शब्दावर आहे. तो शब्द म्हणजे ‘कारभारी’. आमच्या बीड जिल्ह्यात हा शब्द घरोघरी ऐकू येतो. शेतकऱ्याची बायको नवऱ्याचे नाव न घेता कधी ‘आमचे कारभारी’ म्हणते, तर कधी ‘धनी’ म्हणते. बोलण्यात दोन्ही एकच. अर्थात मात्र मोठे अंतर. मालमत्ता ज्याची तो धनी, आणि ती ज्याच्या हाती सोपविली तो कारभारी. धन्याला कोणी हिशेब विचारीत नाही, कारभाऱ्याची मात्र त्यातून सुटका नाही. येशूच्या दृष्टांतांतला धनी परदेशी जातो आणि परतल्यावर चाकरांकडून हिशेब घेतो, त्याचे मर्म हेच. आमच्या धर्मशास्त्रकारांनीही मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाला, म्हणजे ठेवीला, स्थान दिले आणि ठेव गिळणाऱ्यास चोराच्या पंक्तीस बसविले. ख्रिस्ती विचाराने माणसाची सारी मिळकतच ठेव मानली.

या विचाराचा पहिला प्रयोग यरुशलेमेत झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. तेथील भाविक आपले म्हणून काही राखीत नसत. ज्याच्यापाशी शेत वा घर होते, तो ते विकून मोल प्रेषितांपुढे ठेवी आणि ज्याची जशी गरज, तसे त्याला मिळे. बर्णबाने शेत विकून आलेला सारा पैसा दिला. हनन्याने मात्र थोडा मागे ठेवला आणि सर्वस्व दिल्याचा आव आणला. पैसा मागे ठेवल्याचा दोष त्याला कोणी दिला नाही. तो त्याच्याच स्वाधीन होता. दोष लागला तो खोटेपणाचा. दान स्वखुशीचे असावे, पण त्याचे सोंग असू नये, हा त्यातला बोध.

ही मंडळी देवदूतांची नव्हती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जाते, अशी तक्रार लवकरच उठली. तेव्हा प्रेषितांनी ती दडपली नाही. वाटपासाठी सात विश्वासू माणसे निवडण्यात आली. पुढे पौलाने यरुशलेमेतील गरिबांसाठी दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी जमविली, तेव्हा कोणास बोट ठेवावयास जागा राहू नये म्हणून ती रक्कम पोचविण्याच्या कामी इतर विश्वासू माणसे सोबत घेतली. भक्तीला हिशेबाचे वावडे नाही, हे त्याने कृतीने दाखविले.

महाराष्ट्रात या वृत्तीचे उदाहरण शोधताना आमचे मन पंडिता रमाबाईंपाशी थांबते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे पुराणिक. पुराण सांगावे आणि श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, ही आमच्याच वृत्तीची परंपरा. या कुटुंबाने तीर्थाटनात व दानधर्मात होते नव्हते ते वेचले आणि अखेर दुष्काळात उपासमार सोसली. 1874 च्या सुमारास आई-वडील निवर्तले. हे सारे रमाबाईंनी आत्मकथनात लिहून ठेवले आहे. दक्षिणेवर जगणाऱ्या आम्हांस तो वृत्तान्त वाचताना खाली मान घालावी लागते. देणाऱ्याचे घर उपाशी राहिले, तेव्हा घेणारे कोठे होते?

1883 साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी पुढे केडगावी शेती विकत घेतली आणि तेथे विहिरी खणविल्या. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली-स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला. 1900 च्या सुमारास ही संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. देशी-विदेशी देणग्या येत. त्या निव्वळ अन्नछत्रात सरल्या नाहीत. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्या स्त्रियांच्या हातांना शिकविली गेली. घेणाऱ्याला उद्या देणारा करावयाचे, हा उत्तम कारभार होय. संस्कृत विद्येसाठी कलकत्त्यात ‘सरस्वती’ म्हणून गौरविलेल्या या विदुषीने द्रव्याचाही अन्वय अचूक लावला, असे आम्हांस वाटते.

वाचकहो, नाताळच्या या दिवसांत आमच्या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी दूरच्या कारखान्यांवर गेलेली असतात. अनेक गावांत मागे उरतात ते थकलेले म्हातारे आणि त्यांच्या पदरात टाकलेली नातवंडे. मंदिराच्या पायरीवर देणगीदाराचे नाव कोरले जाते. त्या म्हाताऱ्याच्या चुलीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. म्हणूनच कदाचित तिकडे दान कमी वळते. येशू दानपेटीसमोर बसून पाहत होता, तेव्हा त्याने धनिकांच्या मोठ्या रकमांहून एका विधवेच्या दोन दमड्या अधिक मोलाच्या ठरविल्या, कारण तिने आपली उपजीविकाच दिली होती. आमच्या आरतीच्या तबकातही अशा दमड्या पडत असतात. त्या तबकावर ज्याचा हात, तो कारभारी. मग तो कीर्तनकार असो, पुजारी असो की पाळक असो. धनी हिशेब विचारील तेव्हा मंदिराची उंची तो मोजणार नाही. गावात उपाशी कोण निजले, एवढेच विचारील.