मामाच्या कॅमेऱ्यातलं वाय-फाय कार्ड आणि ब्राउझरमधला अल्बम

कॅमेऱ्यातले फोटो इंटरनेट न वापरता, कुठलंही अ‍ॅप न टाकता थेट मोबाईलच्या ब्राउझरमध्ये दिसले तर? आजचा लेख त्यावर आहे. हे मी स्वतः करून पाहिलं. त्यात एक चूकही केली आणि ती बऱ्यापैकी महागात पडली. तीही सांगणार आहे, कारण तुमच्यापैकी कोणी हा प्रयोग केला तर नेमकी तीच चूक होण्याची शक्यता जास्त आहे.

माझं घर वर्ध्याला, आर्वी नाक्याजवळ. नोकरी पुण्यात. मामाचा फोटो स्टुडिओ आहे आणि सेलू, देवळी, हिंगणघाट या पट्ट्यातली लग्नं तो करतो. २०२३ च्या मे महिन्यात सुट्टीवर घरी होतो तेव्हा मामाने तक्रार सुरू केली. "अबे, आता लोकायले अल्बम यायची वाट पाहवत नाई. मांडवातच म्हनतात, दाखवा फोटो. मंग कॅमेरा देऊ का त्यायच्या हातात?" एकदा खरंच दिला होता. तो एका आजोबांच्या हातातून सुटला आणि लेन्सच्या रिंगला कायमची खोच पडली.

फोटो फोनवर घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे, हा सोपा उपाय. पण गावाबाहेरच्या लॉनवर चारशे-पाचशे माणसं जमली की नेटवर्कचे दांडे दिसतात आणि डेटा मात्र चालत नाही. शिवाय मामाचा कॅमेरा जुना, त्यात वाय-फाय नाही. नवा घ्यायचा म्हणजे एका सीझनची कमाई.

तेव्हा मला वाय-फायवालं मेमरी कार्ड आठवलं.

हे कार्ड दिसायला साधं एसडी कार्डच. पण त्या नखाएवढ्या प्लास्टिकमध्ये साठवणुकीच्या चिपबरोबर एक वाय-फाय रेडिओ आणि एक छोटा प्रोसेसर बसवलेला असतो. यातली दोन नावं गाजली. एक आय-फाय आणि दुसरं तोशिबाचं फ्लॅशएअर, जे २०१२ मध्ये आलं. आय-फायची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांची जुनी कार्डं सेट करायला कंपनीच्या ऑनलाईन खात्याची गरज लागायची. २०१६ मध्ये कंपनीने त्या कार्डांची सेवा बंद केली आणि लोकांच्या हातातली चांगली कार्डं वाय-फायच्या दृष्टीने निकामी झाली. फ्लॅशएअरचं तसं नाही. त्याचा वेब सर्व्हर कार्डाच्या आतच आहे. तोशिबाचा मेमरी विभाग वेगळा झाला, २०१९ मध्ये त्याचं नाव किओक्सिया झालं, पण जुनं कार्ड आजही कोणालाही न विचारता काम करतं. मला एक सेकंड हॅन्ड मिळालं.

आता हे चालतं कसं ते बघू. कार्डाला स्वतःची बॅटरी नसते. कॅमेरा चालू झाला की त्याच विजेवर कार्ड जागं होतं आणि स्वतःचं वाय-फाय नेटवर्क सुरू करतं. आपण फोन त्या नेटवर्कला जोडायचा, ब्राउझर उघडायचा आणि १९२.१६८.०.१ हा पत्ता टाकायचा. मोठ्या वेबसाईटचा सर्व्हर कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये असतो, इथे तो मामाच्या गळ्यात लटकलेल्या कॅमेऱ्यात आहे, एवढाच फरक.

पहिल्याच दिवशी दोन अडचणी आल्या. जोडल्यावर अँड्रॉइड म्हणतो, "या वाय-फायला इंटरनेट नाही." आणि गुपचूप मोबाईल डेटावर परत जातो. मग पत्ता टाकला तरी पान उघडत नाही. उपाय साधा, मोबाईल डेटा बंद करा आणि "तरीही जोडलेले राहा" निवडा. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. फोटो काढला नाही की तो मिनिटभरात झोपतो आणि त्याच्याबरोबर कार्डही झोपतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याचा वेळ वाढवावा लागतो. बॅटरी लवकर संपते, म्हणून मामाला खिशात आणखी एक बॅटरी ठेवायला लावली.

कार्डाचं स्वतःचं पान कामचलाऊ आहे. मला मोठे चौकोन, मराठी अक्षरं आणि नवीन फोटो आपोआप वर येणं हवं होतं. माझा पहिला विचार असा की पान बनवून आपल्या नेहमीच्या होस्टिंगवर टाकू आणि तिथून कार्डाला फोटो मागू. ते चाललं नाही. कारणं दोन. आपली साईट एचटीटीपीएसवर आणि कार्ड साध्या एचटीटीपीवर, त्यामुळे सुरक्षित पानातून असुरक्षित जागी केलेली विनंती ब्राउझर अडवतो. दुसरं, एका पत्त्यावरच्या पानाने दुसऱ्या पत्त्याचा मजकूर परवानगीशिवाय वाचू नये असा ब्राउझरचा नियम आहे. (आणि मुळात मांडवात इंटरनेट नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप, हे माझ्या इंजिनिअर डोक्यात दोन तासांनी आलं.)

मग पान कार्डावरच ठेवलं. फ्लॅशएअरमध्ये एसडी-डब्ल्यूलॅन नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं. त्यात लिस्ट डॉट एचटीएम नावाची आपली फाईल ठेवली की कार्ड स्वतःच्या पानाऐवजी आपलं पान दाखवतं. पान आणि फोटो एकाच पत्त्यावर, त्यामुळे ब्राउझरची काही तक्रार नाही.

पुढचं काम फोटोंची यादी मिळवणं. कार्डाच्या कमांड डॉट सीजीआय या पत्त्यावर १०० क्रमांकाचं काम सांगायचं आणि फोल्डरचं नाव द्यायचं. उत्तर म्हणून साधा मजकूर येतो, प्रत्येक फोटोची एक ओळ आणि मध्ये स्वल्पविराम. फोल्डर, फाईलचं नाव, आकार, गुणधर्म, तारीख, वेळ. एका ओळीच्या शेवटचे आकडे असे होते: ७२१४३०५, ३२, २२१८६, २५८६६. पहिला आकडा बाईटमधला आकार, म्हणजे जवळपास ७ एमबी. ३२ म्हणजे साधी फाईल, फोल्डर असेल तर १६ येतो. पण २२१८६ ही कुठली तारीख?

ही जुन्या फॅट फाईल सिस्टीमची पद्धत. वर्ष, महिना, दिवस एकाच आकड्यात कोंबलेले असतात आणि वर्षं १९८० पासून मोजतात. २२१८६ ला ५१२ ने भागा, भागाकार ४३. १९८० अधिक ४३ म्हणजे २०२३. बाकी उरली १७०. तिला ३२ ने भागा, भागाकार ५, म्हणजे मे. बाकी १०, म्हणजे १० तारीख. वेळेचंही तसंच. २५८६६ भागिले २०४८, तास १२. बाकी १२९० भागिले ३२, मिनिटं ४०. बाकी १०, तिची दुप्पट म्हणजे २० सेकंद. दुप्पट का? सेकंदांसाठी जागाच कमी ठेवलेली आहे, म्हणून ही पद्धत दोन-दोन सेकंदांनी मोजते. तुमच्या फोनमधलं एसडी कार्ड किंवा पेन ड्राईव्ह अजूनही याच घराण्यातलं आहे.

यादी मिळाली, आता फोटो. इथे घाई केली तर सगळं बसतं. ३०० फोटो, प्रत्येकी ७ एमबी, म्हणजे २१०० एमबी. ते बिचारं कार्ड एवढं कधी देणार? माझ्याकडे एक पूर्ण फोटो उघडायला पाच-सहा सेकंद लागत होते. पण कॅमेरा प्रत्येक जेपेग फोटोच्या आत, एक्झिफ माहितीत, त्याच फोटोची एक चिमुकली प्रत ठेवतो, साधारण १६० बाय १२० पिक्सेलची. फ्लॅशएअरचा थंबनेल डॉट सीजीआय हा पत्ता नेमकी तेवढीच प्रत काढून देतो. प्रत्येकी ८ केबी धरले तर ३०० फोटोंचे २.४ एमबी. पानावर या चिमुकल्या प्रती, आणि बोट लावलं तरच मोठा फोटो. तरीही एक काळजी घ्यावी लागते. क्रोम एका सर्व्हरला एकावेळी सहा विनंत्या पाठवतो, आणि त्याच वेळी मामा धडाधड फोटो काढत असेल तर कार्ड धापा टाकतं. म्हणून मी रांग लावली. एक प्रत आली की मगच पुढची मागायची.

नवीन फोटो आला हे कसं कळणार? कार्ड स्वतःहून सांगत नाही. कमांड १०२ विचारली की काही बदललं असेल तर १ येतो, नाहीतर ०. पान दर पाच सेकंदांनी एवढंच विचारतं आणि १ आला तरच यादी पुन्हा मागवतं. एकदा अर्धा फोटो आणि खाली करडा पट्टा असं दिसलं, कारण कॅमेऱ्याचं लिहिणं अजून चालू होतं. मग नियम केला, फाईलचा आकार सलग दोनदा तोच आला तरच फोटो दाखवायचा.

आता माझी चूक.

पान सारखं बदलायचं होतं आणि दरवेळी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घालायचा कंटाळा. कार्डाच्या कॉन्फिग फाईलमध्ये अपलोड हा पर्याय १ केला की वाय-फायवरूनच फाईल टाकता येते. मी तो केला. पण तोच पर्याय चालू असला की वाय-फायवरून फाईल पुसताही येते. आणि पासवर्ड? कारखान्यातून आलेला तसाच, १२३४५६७८. म्हटलं नंतर बदलू.

लग्न सेलूजवळच्या एका लॉनवर होतं. सुरुवातीला सगळं मस्त. नवरीच्या आजीने फोनवर फोटो पाहिले, दोन बोटांनी मोठे केले, खुश. मग कोणीतरी पासवर्ड विचारला. मामाच्या हाताखालच्या पोराने सांगून टाकला. अर्ध्या तासात बरेच फोन जोडले गेले. पान रेंगाळायला लागलं, पण खरी अडचण ती नव्हती. मामाने सकाळी नवरीच्या खोलीत तयारीचे फोटो काढले होते. अर्धवट नेसलेली साडी, एका फोटोत बापाच्या गळ्यात पडून रडतानाचा विस्कटलेला चेहरा. माझं पान इमानदारीने सगळं दाखवत होतं. जेवणाची पंगत उठायच्या आत त्यातले दोन फोटो वराकडच्या एका मुलाच्या स्टेटसवर होते.

नवरीला तिच्या मैत्रिणीने स्टेजवरच फोन दाखवला. ती काही बोलली नाही. नंतर मामाजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, तुम्ही होते म्हणून आम्ही दार उघडलं होतं."

परतताना मामा गाडीत गप्प होता. मी म्हटलं, चूक माझी आहे, पासवर्ड बदलायचा राहिला. तो म्हणाला, "कार्ड माहं आहे रे. फोटो त्या पोरीचे होय." त्या मुलाने स्टेटस काढलं, पण किती जणांनी आधीच साठवून ठेवलं ते कोणाला माहीत. आणि पुसण्याचा पर्याय चालू होता हे मी मामाला दोन दिवसांनी सांगितलं. कोणी पुसलं नाही, हे नशीब. कॅमेरा लिहीत असताना वाय-फायवरूनही काही लिहिलं-पुसलं गेलं तर दोघांचा हिशोब जुळत नाही आणि अख्ख्या कार्डाची यादीच बिघडू शकते. लग्न परत लावता येत नाही.

त्यानंतर मी तीन गोष्टी बदलल्या. पासवर्ड लांब केला. अपलोड बंद केलं, पान बदलायचं तर कार्ड रीडरनेच. तिसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. जवळजवळ प्रत्येक कॅमेऱ्यात फोटो चुकून पुसला जाऊ नये म्हणून किल्लीच्या चिन्हाचं प्रोटेक्ट बटण किंवा पर्याय असतो. ते दाबलं की त्या फाईलवर "फक्त वाचा" अशी खूण लागते, आणि कार्डाच्या यादीत गुणधर्माचा आकडा ३२ ऐवजी ३३ होतो. माझं पान आता फक्त ३३ वाले फोटो दाखवतं. म्हणजे दाखवायचं काय ते मामाच्या अंगठ्यावर, आणि कॅमेऱ्यात काही नवीन शिकायची गरज नाही.

पण याला सुरक्षा समजू नका. पान फक्त लपवतं. नेटवर्कला जोडलेला कोणीही फाईलचा पत्ता हाताने टाकून बाकीचे फोटो उघडू शकतो, आणि कॅमेऱ्याच्या फाईलची नावं ओळीने असतात, अंदाज करायला सोपी. म्हणून आता पाहुण्यांना पासवर्ड देतच नाही. एक जुना टॅब कार्डाला जोडलेला, तो केबलने लॉनवरच्या टीव्हीला, आणि लोक टीव्हीवर बघतात. काहींना हे मागासलेलं वाटतं. "मोबाईलवर का नाही देत?" असं विचारतात. नवरीने बघून हो म्हटलेले फोटो दुसऱ्या दिवशी मिळतात, असं मामा सांगतो.

करून बघायचं असेल तर एक शेवटची सूचना. मामाला प्रत्येक लग्नाआधी कॅमेऱ्यातच कार्ड फॉरमॅट करायची सवय आहे. फोटोग्राफरसाठी ती चांगली सवय, पण फॉरमॅट केलं की एसडी-डब्ल्यूलॅन फोल्डरमधलं आपलं पानही जातं. हिंगणघाटच्या एका लग्नाच्या सकाळी मला पुण्यात फोन आला, "अबे, तुहं पान कुठं गेलं?" आता त्या पानाची एक प्रत स्टुडिओच्या पेन ड्राईव्हमध्ये असते. कॅमेऱ्याच्या बॅगेत मामाने स्वतः चिठ्ठी चिकटवली आहे: आधी फॉरमॅट, मंग पान, मंग पासवर्ड पाहा.