गाण्याची हरवलेली चिठ्ठी

मोबाइलांत गाणें लावावें, तों पडद्यावर त्याच्या नांवाऐवजीं नुसतीं प्रश्नचिन्हें दिसावीं, हा अनुभव जळकोटांतील आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. गाणेंच बिघडलें असें समजून तें पुसून टाकणें मात्र चुकीचें होय. अशा वेळीं बहुधा केवळ चिठ्ठी बिघडलेली असते. आवाज जशाचा तसा असतो.

एम्पीथ्री फाइलींत गाण्यासोबत त्याचें नांव, गायक व क्रमांक यांची नोंद असते. तीस टॅग म्हणतात. १९९६ सालीं निघालेल्या पद्धतींत नांवास अवघे ३० बाइट मिळत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ पद्धतीनें ३ बाइट लागतात. म्हणजे १० चिन्हांतच जागा संपे! १९९८ सालच्या नव्या पद्धतीनें ही अडचण दूर केली.

क्रमांकाचें महत्त्व ‘गीतरामायणा’वरून कळेल. माडगूळकरांनीं रचिलेलीं व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलीं तीं ५६ गीतें १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून प्रसारित झालीं. क्रमांक हरवले कीं गीतें अकारविल्हे लागतात, आणि कथेचा धागाच तुटतो.

आतां उपाय सांगतों. प्रथम फाइलीची प्रत काढून ठेवावी. मग ती दुसऱ्या प्लेअरवर उघडावी. तेथें नांव नीट दिसल्यास दोष पहिल्या प्लेअरचा. विचित्र रोमन अक्षरें दिसल्यास मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. टॅग सुधारणाऱ्या प्रोग्रॅममध्यें योग्य लिपिसंकेत निवडतांच नांव परत येतें. परंतु सांठवितांनाच अक्षरांचीं प्रश्नचिन्हें झालीं असल्यास मूळ नांव तेथें उरलेलेंच नसतें. तेव्हां ‘म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड’ हा विनामूल्य प्रोग्रॅम ध्वनीच्या ठशावरून गाणें ओळखूं पाहतो.

मात्र घरीं मुद्रित केलेली आजीची ओवी असल्या कोणत्याही नोंदवहींत सांपडावयाची नाहीं. येथें जुनी युक्ति कामीं येते. १९०२ सालीं गौहरजान हिनें तबकड्यांसाठीं गाणीं म्हटलीं, तेव्हां ती शेवटीं स्वतःचें नांव उच्चारीत असे. विद्यार्थ्यांनींही ओवी मुद्रित करतांना आजीस तिचें नांव, गांव व साल बोलावयास सांगावें. टॅग हरवेल, पण आवाजांत गुंफलेलें नांव आवाज आहे तोंवर राहील.