डेंगळे आले, पण कारण सापडलं का?



फेब्रुवारीचा मध्य आहे. कुरुळीत पहाटे अजून स्वेटर लागतो आणि दुपारी पुणे-नाशिक रस्त्यावर उन्हात उभं राहवत नाही. परसात वालाच्या शेंड्यांवर मावा, वाटाण्यावर भुरी आणि कांद्याच्या वाफ्यात मधूनच ताठ उभे राहिलेले डेंगळे. आजचा लेख या डेंगळ्यांबद्दल आहे. 'प्रयोगाची रचना' हे प्रकरण मी एमएस्सीला पाठ केलं होतं, पण ते समजलं या वाफ्यात. पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, तर पुढचं नीट वाचा.

आधी डेंगळा म्हणजे काय

कांदा हे मुळात दोन हंगामांचं पीक. पहिल्या हंगामात तो पानांत तयार झालेलं अन्न गड्ड्यात साठवतो. मग थंडी जाते आणि दुसऱ्या हंगामात फुलाचा दांडा काढून बी धरतो. आपल्याला हवा असतो पहिल्या टप्प्यातला गड्डा. पण रोप पुरेसं जाड झालेलं असताना बरेच दिवस कडक थंडी पडली, तर रोपाच्या हिशेबाने 'हिवाळा होऊन गेला'. मग ते गड्डा भरायचं सोडून दांडा काढतं. तोच डेंगळा. दांडा मोडला तरी आत कडक गाभा राहतो, मान जाड राहते आणि असा कांदा चाळीत टिकत नाही.

म्हणजे यात निदान तीन गोष्टी येतात: थंडी किती, ती पडली तेव्हा रोप केवढं होतं आणि वाण कोणतं. काही वाणांत डेंगळ्यांचं प्रमाण मुळातच कमी असतं. आपल्या खेड तालुक्यातच, राजगुरुनगरला, कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. 'भीमा शक्ती', 'भीमा किरण' ही वाणं तिथलीच.

माझा 'प्रयोग'

मी जिथे भाड्याने राहते त्या घरामागे दोन वाफे आहेत. दोन वर्षांपूर्वी मी दोन्हींत कांदा लावला. घराच्या भिंतीलगतच्या वाफ्याला दर पंधरा दिवसांनी जीवामृत घातलं, उघड्यावरच्या वाफ्याला काहीच नाही. फेब्रुवारीत पाहिलं तर उघड्या वाफ्यात बरेच डेंगळे, भिंतीकडे मोजून दोन-चार. मी खूश! घरमालकीण मावशींना सांगून टाकलं, "जीवामृताने डेंगळे कमी होतात."

मावशींचा पाच गुंठे कांदा असतो. पुढच्या वर्षी त्यांनी माझ्या शब्दावर गूळ, बेसन आणलं, ड्रम भरले, सगळ्या कांद्याला जीवामृत दिलं. जानेवारीत थंडी कडक पडली. काढणीच्या वेळी मावशी एवढंच म्हणाल्या, "पोरी, औंदा बी आलेच की डेंगळे." रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. डेंगळा मिसळलेल्या मालाला बाजारात भाव मिळत नाही. तो निवडण्यात त्यांचे दोन दिवस गेले.

चूक नेमकी कुठे झाली?

जीवामृत वाईट होतं असं नाही. ते चांगलं की वाईट हे माझ्या वाफ्यांवरून ठरवताच येत नव्हतं. बघा:

पहिलं, भिंत. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडते. निरभ्र रात्री उघडी जमीन मात्र भराभर थंड होते. म्हणजे जीवामृताचा वाफा आधीच उबेत होता.

दुसरं, रोपं. लावणी करताना हात आपोआप जाड रोपांकडे जातो. मी उघडा वाफा आधी लावला, त्यात जाड रोपं गेली. उरलेली बारीक भिंतीकडे. आणि थंडीत जाड रोपंच डेंगळ्यावर जास्त जातात!

तिसरं, पाणी. जीवामृत पाण्यात कालवून घातलं, म्हणजे त्या वाफ्याला जास्तीचं पाणीही मिळालं. दुसऱ्याला तेवढंच साधं पाणी द्यायला हवं होतं. कंट्रोल म्हणजे 'काहीच न करणं' नव्हे. ज्या गोष्टीची परीक्षा आहे ती सोडून बाकी सगळं सारखं करणं, म्हणजे कंट्रोल.

जीवामृत, ऊब, बारीक रोप, जास्तीचं पाणी, चारही एकाच वाफ्यात. फरक खरा होता, पण तो कोणाच्या नावावर टाकायचा?

साठ रोपं म्हणजे साठ पुरावे नव्हेत

तेव्हा मी स्वतःला समजावलं होतं की प्रत्येक वाफ्यात साठेक रोपं आहेत, म्हणजे नमुना चांगला मोठा आहे. हा सापळा ओळखायला शिका. जीवामृत मी रोपाला नाही, वाफ्याला दिलं होतं. म्हणून माझ्याकडे प्रत्येक बाजूला पुरावा एकच होता: एक वाफा. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये एका गाजलेल्या लेखात याला नाव दिलं, स्यूडोरिप्लिकेशन. साध्या मराठीत खोटी पुनरावृत्ती. एकाच पिंजऱ्यातले दहा उंदीर, एकाच वर्गातली चाळीस मुलं, एकाच टाकीतले वीस मासे, सगळीकडे हाच धोका आहे.

नाणं उडवा

यावरचा उपाय शेतातूनच आला. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात गेले. शेताचा एक कोपरा दुसऱ्यासारखा नसतो, ही तिथली रोजची अडचण. ती त्यांनी तीन गोष्टींनी हाताळली: पुनरावृत्ती, सारख्या जागांचे गट आणि चिठ्ठी टाकून वाटप. 1935 साली त्यांचं 'द डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स' आलं. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी शेतीतल्या संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ते 1954 चं. कृषीच्या मुलांना 'पानसे-सुखात्मे' सांगावं लागत नाही.

वाफ्यात हे असं करायचं. दोन मोठ्या वाफ्यांऐवजी बारा छोटे तुकडे, दोन-दोनच्या सहा जोड्या. जोडीतले दोन्ही तुकडे भिंतीपासून सारख्या अंतरावर. कोणाला जीवामृत आणि कोणाला साधं पाणी, हे नाणं उडवून ठरवायचं. "मी मनानेच वाटते" असं नको. मन नेहमी कुठेतरी झुकतं.

आता गणित. समजा जीवामृताचा काहीच परिणाम नाही. तरी एका जोडीत त्या बाजूला डेंगळे कमी निघण्याची शक्यता 1/2 आहे (बरोबरी सोडून देऊ). माझा पहिला 'प्रयोग' इतकाच होता! सहाच्या सहा जोड्यांत नुसत्या योगायोगाने तसं होण्याची शक्यता मात्र 1/64, म्हणजे साधारण 1.6 टक्के. असा निकाल आला तर योगायोगावर ढकलणं अवघड होतं. 'पी व्हॅल्यू' म्हणजे मुळात हाच विचार.

आता तुमची पाळी

कांदा लावायची वेळ गेली, पण मेथी महिनाभरात येते. बारा सारख्या कुंड्या, एकच माती, मोजून सारखं बी. सहा जोड्या करा, नाणं उडवा, वाटप वहीत तारखेसह लिहा. काय मोजणार आणि कधी, हेही *आधीच* लिहा. जुडी तोलायला अशा कोणाला तरी बसवा ज्याला कोणती कुंडी कुठली हे माहीत नाही. सिनॉप्सिसमधलं 'पद्धती' हे प्रकरण याहून फार वेगळं नसतं.

यंदा मी सारख्या जाडीची रोपं निवडून सहा जोड्या लावल्यात. परवा मावशींनी विचारलं, "मग, काय म्हणतंय तुझं जीवामृत?" म्हटलं, "अजून माहीत नाही मावशी. काढणीला मोजू, मग सांगते." त्या म्हणाल्या, "तवर मी काही घालत न्हाई." बरोबरच आहे त्यांचं.