यानत्याग आणि प्रतीक्षा : विज्ञानकथांतील लढाऊ अवकाशयानांची जीवरक्षक साधने

संकटग्रस्त विमानातून वैमानिक बाहेर पडला, की 'वैमानिकाने हवाई छत्रीच्या साहाय्याने उडी घेतली' असे मराठीत सहज म्हटले जाते. या वाक्यातील 'उडी' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. उडी वर मारलेली असो वा खाली, तिचा शेवट कोठे तरी पाय टेकण्यात व्हावयाचा असतो. विज्ञानकथांनी मात्र ही क्रिया, तिच्या आसनासह व शब्दासह, जेथे वर आणि खाली हा भेदच उरत नाही अशा पोकळीत नेली. तेथे तिचे काय होते आणि जीवरक्षक साधनांचा अर्थ त्यामुळे कसा पालटतो, हे पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम मूळ साधनाचा विचार केला पाहिजे. ब्रिटनमधील मार्टिन-बेकर कंपनीच्या इजेक्शन सीटची पहिली जिवंत चाचणी 24 जुलै 1946 रोजी झाली. बर्नार्ड लिंच हा मीटिऑर विमानातून आसनासह बाहेर फेकला गेला आणि हवाई छत्रीने सुखरूप उतरला. या कृतीचे तीन घटक आहेत. स्फोटक काडतूस माणसाला विमानापासून अलग करते, हवा त्याचा वेग कमी करते आणि जमीन वा समुद्र त्याला सामावून घेतो. यांपैकी पहिला घटक तेवढा यंत्राचा; उरलेले दोन निसर्ग पुरवितो. अवकाशप्रवासाच्या प्रत्यक्ष इतिहासातही हे आसन हवेच्या मर्यादेतच राहिले. युरी गागारिन 12 एप्रिल 1961 रोजी व्होस्तोकमधून बाहेर पडला तो परतीच्या वाटेवर, सुमारे 7 किलोमीटर उंचीवर. कोलंबिया या अमेरिकी शटलच्या पहिल्या चार उड्डाणांत (1981-82) दोघा अंतराळवीरांसाठी अशी आसने होती. तीही आरोहणाच्या आरंभापुरती व अवतरणाच्या अखेरच्या टप्प्यापुरतीच उपयोगाची होती.

पोकळीत निसर्गाने पुरविलेले हे दोन्ही घटक नाहीसे होतात. पृथ्वीलगतच्या कक्षेत यानाचा वेग सेकंदाला सुमारे 7.8 किलोमीटर असतो. त्यातून बाहेर फेकला गेलेला माणूस खाली पडत नाही. यानाचाच वेग घेऊन तो जवळजवळ त्याच कक्षेत फिरत राहतो. आसनाने दिलेला धक्का त्या वेगापुढे नगण्य होय. त्याला खरोखरच खाली आणावयाचे, तर हवेचे व जमिनीचे काम त्याच्या गाठोड्यात बांधून द्यावे लागेल. 1960च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने 'मूस' नावाची अशी एक योजना आखली होती. वेग कमी करण्यास छोटे रॉकेट, अंगाभोवती फेस भरून फुगणारी पिशवी, तिच्या पाठीशी उष्णतारोधक कवच आणि शेवटी हवाई छत्री, असे तिचे स्वरूप होते. ती प्रत्यक्षात कधी वापरली गेली नाही.

पोशाखाविना तर पहिले मिनिटही हाती नसते. 1966 मध्ये ह्यूस्टन येथील निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची दाबनळी निसटली, तेव्हा सुमारे 14 सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. कक्षात तातडीने हवा सोडल्यामुळे तो वाचला. तात्पर्य, अवकाशात आसन हे जीवरक्षक साधन नसून पोशाख हे ते साधन आहे, आणि पोशाख माणसाला कोठेही पोचवीत नाही. तो केवळ वेळ देतो. विमानात 'किती उंचीवरून' हा जो प्रश्न असतो, त्याची जागा येथे 'किती वेळ' हा प्रश्न घेतो.

विज्ञानकथांनी हे ओळखले काय? 1977च्या 'स्टार वॉर्स'मध्ये बिघडलेल्या यानातील वैमानिकाला सहकारी बाहेर पडण्यास विनवितो. तो यान सावरण्याच्या आशेने नकार देतो आणि मरतो. बाहेर पडून तो जाणार कोठे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उद्भवत नाही. त्या चित्रपटातील झुंजी दुसऱ्या महायुद्धाच्या हवाई चित्रणावरून घडविल्या होत्या. त्या चित्रणाबरोबर शब्द आला आणि शब्दाबरोबर पायाखालची अदृश्य जमीनही आली. त्याच विश्वातील साम्राज्याचे वैमानिक मात्र बंदिस्त शिरस्त्राणे घालतात. पूरक ग्रंथांतील स्पष्टीकरणानुसार त्यांच्या यानांत श्वसनाची व्यवस्थाच नाही. म्हणजे ती दक्षता माणसासाठी नव्हे. यान स्वस्त व हलके ठेवण्याची ती किंमत आहे.

1979-80 मधील 'मोबाइल सूट गुंडम' या जपानी मालिकेने निराळी वाट काढली. तेथे चालककक्ष हेच एक छोटे विमान असते. महायंत्र मोडले तरी चालक आणि लढाईत मिळालेली माहिती परत यावी, हा त्यामागील हेतू. अखेरच्या भागात नायक मोडलेले यंत्र मागे टाकून या छोट्या विमानातून सोबत्यांकडे परततो. त्याची सुटका उडीने होत नाही, प्रवासाने होते.

तथापि प्रश्नाच्या मुळाशी पोचते ती 2004 साली सुरू झालेली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'. तिच्यातील स्टारबक ही वैमानिक एका विषारी वातावरणाच्या चंद्रावर उतरते; गुडघा जायबंदी, प्राणवायू मोजका. वर नौदलप्रमुख इंधन जाळीत शोध चालू ठेवतो आणि अखेरीस राष्ट्राध्यक्षा त्याला विचारते, की एका जिवासाठी सर्वांचा जीव किती काळ पणाला लावावयाचा? उत्तर सोपे नाही आणि मालिकाही ते सोपे करीत नाही. पुढे 2006 मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात अपोलो हा वैमानिक गळका पोशाख घालून पोकळीत तरंगत राहतो. तो वाचतो, परंतु परत येण्याची इच्छाच आपल्यात उरली नव्हती, असे नंतर सांगतो. पोशाखाने वेळ दिला; त्या वेळेत जगावेसे वाटणे मात्र पोशाखाला देता आले नाही.

यावरून असे म्हणता येईल, की लढाऊ अवकाशयानातील जीवरक्षक साधन हे यंत्राचे अंग असण्याआधी एक वचन आहे. प्राणवायूची टाकी, संकेत देणारा रेडिओ, उष्णता राखणारा पोशाख, या सर्वांचा अर्थ 'आम्ही येत आहोत, तोवर टिकून राहा' एवढाच. ते वचन पाळणारे कोणी नसेल, तर ही साधने मरण लांबविण्यापलीकडे काही करीत नाहीत. म्हणून एखाद्या कल्पित राज्याची नीती जाणून घ्यावयाची असेल, तर त्याच्या घोषणांपेक्षा त्याच्या वैमानिकाच्या आसनाखाली काय ठेवले आहे आणि त्याला शोधावयास कोण निघते, हे आधी पाहावे. मराठीत या क्रियेस 'उडी'ऐवजी 'यानत्याग' म्हणणे त्या दृष्टीने अधिक नेमके ठरेल. कारण त्या शब्दात जमिनीचे खोटे आश्वासन नाही. यान सोडले एवढेच तो सांगतो. पुढचे सर्व काही प्रतीक्षेवर, आणि जे मागे राहिले त्यांच्यावर, अवलंबून असते.