आजारी कोंबडीची पारख

शिनोलीसारख्या गावात पहाटे खुराडे उघडताच कोंबड्या दाण्यांकडे धावतात. एखादी मात्र पिसे फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसते. तिचा लाल तुरा फिकट दिसतो. तिला प्रथम निराळ्या डालग्याखाली ठेवून स्वच्छ पाणी द्यावे. मग पिसे उलटून पाहावीत. उवा आढळल्यास कोरड्या मातीत चुलीची राख मिसळून पसरावी. धूलिस्नान हा तर कोंबडीचा जन्मजात छंदच! पायांवरील खवले उचलले गेले असतील, तर त्यांखाली बारीक कीड शिरलेली असते. पाय धुऊन त्यांस गोडेतेल चोळावे.

परंतु मान मुरगळली, हिरवट हगवण लागली, की घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. त्याच दिवशी पशुवैद्यास कळवावे. ती मानमोडी असू शकते. हिमालयातील राणीखेत गावावरून तिला ‘राणीखेत’ असेही म्हणतात. या रोगावर औषध नाही. लस आहे, पण ती कोंबडी निरोगी असतानाच द्यावी लागते.