एरिथ : परत न आलेली फुलवाली

व्हिडिओ गेम म्हटले की घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर धावपळ, मारामारी आणि गुण वाढवण्याची शर्यत एवढेच चित्र उभे राहते. खेळातील गडी पडला तरी बटण दाबताच तो पुन्हा उठतो. तेव्हा या माध्यमाला मरणाचे गांभीर्य कसले, असाही एक समज आहे. तो अगदीच निराधार नाही. परंतु ३१ जानेवारी १९९७ रोजी जपानमध्ये बाजारात आलेल्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या खेळाने त्या समजाला धक्का दिला. त्यातील एक तरुणी कथेच्या मध्यावरच मरण पावली आणि परत आली नाही. तिचे नाव एरिथ. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले जगभरातील असंख्य लोक तिचे नाव निघताच क्षणभर गप्प होतात. एका काल्पनिक पात्राविषयी एवढा जिव्हाळा का वाटावा, आणि तिच्या लेखकांनी तिला कसे वागवले, हे समजून घेण्यासारखे आहे.

कथा घडते ती मिडगार नावाच्या नगरीत. ‘शिन्रा’ नावाची बलाढ्य कंपनी पृथ्वीच्या पोटातील जीवनप्रवाह उपसून त्यापासून वीज निर्माण करते. वरच्या पोलादी थरावर श्रीमंतांची वस्ती आणि त्याच्या सावलीत, जेथे ऊनही नीट पोहोचत नाही तेथे, गरिबांच्या झोपड्या. या नगरीत फुले उगवत नाहीत. अपवाद एका पडक्या प्रार्थनामंदिरासारख्या मोजक्या जागांचा. तेथील फरशी उखडलेल्या जागेत एरिथ फुले वाढवते आणि टोपलीत घालून रस्त्यावर विकते. एका फुलाची किंमत एक गिल, म्हणजे त्या जगातील एक रुपयाच म्हणावा. कथानायक क्लाउड हा भाडोत्री सैनिक. त्याची आणि तिची पहिली भेट रस्त्यावर, या फुलांच्या टोपलीपाशीच होते. फूल घ्यायचे की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

एरिथ बावीस वर्षांची आहे. जन्मदात्री आई इफाल्ना कंपनीच्या प्रयोगशाळेतून लेकीला घेऊन निसटली आणि रेल्वे स्थानकावर तिने प्राण सोडला. युद्धावर गेलेल्या पतीची वाट पाहत रोज त्या स्थानकावर येणाऱ्या एलमायरा नावाच्या स्त्रीने पोरक्या मुलीला घरी नेले आणि पोटच्या लेकीप्रमाणे वाढवले. पृथ्वीचा आवाज ऐकू शकणाऱ्या एका प्राचीन वंशाची एरिथ ही अखेरची वारस आहे. तिचा स्वभाव मात्र गूढ वा गंभीर नाही. ती थट्टेखोर आहे, धीट आहे आणि मनात येईल ते बोलून टाकते. लेखकांचे पहिले यश हेच, की त्यांनी तिला देवी न करता माणूस ठेवले.

तिच्या मृत्यूचा प्रसंग पहिली सीडी संपता संपता येतो. खेळ तीन सीडींचा आहे. पृथ्वीवर कोसळणारे संकट टाळण्यासाठी एरिथ कोणालाही न सांगता एकटी निघते आणि पूर्वजांच्या ओस पडलेल्या नगरीत जाऊन प्रार्थनेला बसते. क्लाउड आणि इतर सोबती तेथे पोहोचतात, ती डोळे उघडून त्याच्याकडे पाहते आणि त्याच क्षणी खलनायक सेफिरॉथ वरून उतरून तिच्या पाठीत तलवार खुपसतो. तिच्या केसांत बांधलेला छोटा पांढरा मणी सुटतो आणि पायऱ्यांवरून घरंगळत पाण्यात पडतो. तिला अखेरचे शब्द नाहीत, निरोप नाही. यानंतर लगेच लढाई सुरू होते. परंतु नेहमीचे रणसंगीत वाजत नाही. नोबुओ उएमात्सु यांनी एरिथसाठी रचलेली संथ, करुण धूनच शेवटपर्यंत चालू राहते. मग क्लाउड तिचे पार्थिव पाण्यात सोडतो.

हा आघात कादंबरीतील वा चित्रपटातील मृत्यूपेक्षा वेगळा का ठरला, याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. कादंबरी वाचणारा केवळ साक्षीदार असतो. येथे खेळणाऱ्याने अनेक तास खर्चून एरिथची शक्ती वाढवलेली असते, तिच्यासाठी शस्त्रे विकत घेतलेली असतात. जखमी सोबत्यांना बरे करणे हे तिचे मुख्य काम. तिची सर्वांत प्रभावी विद्या मिळवण्यासाठी बरीच खटपट करावी लागते आणि ती मिळाल्यावर थोड्याच अवधीत एरिथ जाते. खेळणाऱ्याने घातलेले भांडवल एका क्षणात बुडते आणि त्याची भरपाई कोठेही होत नाही. पुढच्या प्रत्येक लढाईत तिची उणीव जाणवते. शोक येथे केवळ भावना राहत नाही, तो रोजच्या व्यवहारातील अडचण होतो. घरातले माणूस गेल्यावर नेमके हेच घडते.

लढाईत पडलेल्या गड्याला उठवणारे फिनिक्स पक्ष्याचे पीस खेळात दुकानात विकत मिळते. मग एरिथला तेच का देत नाहीत, असा भाबडा प्रश्न अनेकांनी विचारला. जपानी परिभाषेत लढाईत पडलेला गडी ‘लढण्यास असमर्थ’ असतो, मृत नसतो. एरिथ मात्र मृत होती. तरीही तिला परत आणण्याची एखादी गुप्त युक्ती असलीच पाहिजे, या आशेने लोकांनी खेळाचा कानाकोपरा धुंडाळला. अफवा उठल्या आणि विरल्या. चाहत्यांनी दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांच्याकडे तिला जिवंत करण्याची लेखी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही.

कितासे यांची भूमिका त्यांच्या मुलाखतींतून स्पष्ट होते. कथांमध्ये प्रिय पात्र मरते ते बहुधा थोर त्याग करून, भरल्या डोळ्यांनी निरोप घेऊन. प्रत्यक्ष जीवनात माणसे आजाराने, अपघाताने, अचानक जातात. त्यात नाट्य नसते. मागे उरते ती एक मोठी पोकळी, आणि ‘हे आधी कळले असते तर आपण वेगळे वागलो असतो’ ही चुटपुट. ती पोकळी खेळणाऱ्याच्या मनात निर्माण व्हावी, हा हेतू होता. निर्माते हिरोनोबु साकागुची यांच्या आईचे निधन याच मालिकेचा तिसरा भाग तयार होत असताना झाले होते. तेव्हापासून जीवन म्हणजे काय, हा विचार त्यांच्या मनात घोळत होता आणि या खेळाच्या विषयाचे मूळ त्यात आहे. पात्रांचे चित्रकार तेत्सुया नोमुरा आणि पटकथाकार काझुशिगे नोजिमा यांचाही या घडणीत मोठा वाटा आहे. लेखकांनी एरिथला मारले, परंतु तिची अवहेलना केली नाही. तिची प्रार्थना फुकट गेली नाही, हे कथेच्या शेवटी कळते. खेळाचा आरंभ तिच्या चेहऱ्याने होतो आणि अखेरच्या प्रसंगातही तोच चेहरा दिसतो.

पुढे मात्र लेखकांनाही तिला सोडवेना. २००५ च्या चित्रपटात ती आली, परंतु केवळ सावलीसारखी. २००७ मधील ‘क्रायसिस कोअर’ या पूर्वकथेत तिचे पहिले प्रेम रंगवले गेले. बेपत्ता झालेल्या झॅकला ती चार वर्षांत एकोणनव्वद पत्रे लिहिते आणि त्यांतले शेवटचे तेवढे त्याच्या हाती पडते. या दोन्ही कृतींनी तिच्या आयुष्यात भर घातली. तिच्या मृत्यूला हात लावला नाही.

तो लावला गेला तो नव्या निर्मितीत. मूळ कथा तीन भागांत नव्याने सांगण्याचे ठरले. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या भागाच्या शेवटी नियतीचे रक्षकच पराभूत होतात. आता एरिथ वाचेल, अशी आशा जगभर पल्लवित झाली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दुसरा भाग आला. त्यात क्लाउड सेफिरॉथची तलवार अडवतो. क्षणभर वाटते, ती वाचली. दुसऱ्याच क्षणी तिचे रक्त दिसते. सारे सोबती शोक करतात; एकट्या क्लाउडला ती जवळ उभी दिसते, त्याच्याशी बोलते.

यावर चाहत्यांत दोन तट पडले. काहींच्या मते ही लेखकांची चलाखी होय. मारलेही नाही आणि वाचवलेही नाही. दुसरा पक्ष म्हणतो की शोकाची पहिली अवस्था अशीच असते. गेलेले माणूस घरातच वावरते आहे असे वाटते, आणि क्लाउडचे मन ते सत्य स्वीकारायला तयार नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. १९९७ मध्ये लेखकांपाशी आकस्मिकता हे साधन होते. २०२४ मध्ये प्रत्येकाला शेवट ठाऊक होता, म्हणून त्यांनी धक्क्याऐवजी आशेचा उपयोग केला. परंतु जुन्या प्रसंगाची ताकद त्याच्या निःसंदिग्धपणात होती, आणि ती येथे उणावली हे मान्य करावे लागते. अखेरच्या भागात लेखक तिला परत आणतील की निरोप देतील, यावर त्यांचा खरा कस लागेल. ती परत आली तर आनंद होईल. मात्र इतकी वर्षे ज्या पोकळीने माणसांना हळवे केले, ती पोकळीच खोटी ठरेल.

कथेच्या आरंभी रस्त्यावर उभी असलेली ती मुलगी एक गिल मागते. पहिल्यांदा खेळताना अनेक जण घाईत असतात आणि फूल न घेताच पुढे जातात. दुसऱ्यांदा खेळायला बसलेला माणूस तसे करत नाही. तो थांबतो आणि फूल घेतो.