ट्रॅक्टरचा पुढचा टायर एकाच कडेने झिजतो, त्याचे काय करावे?



आंतरमशागतीचा हंगाम सरला की एक तक्रार नेमाने कानावर येते. "साहेब, पुढचे दोन्ही टायर नवे घातले होते. आतल्या कडेच्या रेघा साफ गेल्या, बाहेरच्या अजून कोऱ्या आहेत. टायरच खराब निघाला." टायरला नावे ठेवण्याआधी मी एकच विचारतो, मधल्या काळात पुढचा आस रुंद केला होता का? बहुतेक वेळा उत्तर येते, "हो, केला होता की."

आस रुंद करणे चूक नाही. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर पेरले असेल, तर दोन चाकांच्या मध्यातले अंतर १३५ सेंटिमीटर ठेवले म्हणजे चाके ओळींच्या मधून जातात, पीक तुडवले जात नाही. अडचण पुढे होते. आसाचे बोल्ट काढून नळी एक-दोन भोके बाहेर ओढली, बोल्ट आवळले आणि ट्रॅक्टर शेतात घातला. चाके सरळ आहेत की नाहीत, हे पाहायचे राहून जाते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केले होते. प्रात्यक्षिकासाठी आस दोन्ही बाजूंनी एक-एक भोक वाढवला आणि टाय रॉड तसाच ठेवला. त्या ट्रॅक्टरचा टाय रॉड आसाच्या मागे होता. चाके लांब गेली, दांडी तेवढीच राहिली, त्यामुळे चाकांची मागची बाजू आत ओढली गेली आणि पुढची तोंडे फाकली. ट्रॅक्टर रस्त्याला लागताच स्टेअरिंग हातात ठरेना. एक म्हातारे बाबा बांधावरून म्हणाले, "साहेब, तुमच्या ट्रॅक्टरची पावलं फेंगडी पडायला लागली." त्यांनी एका वाक्यात निदान केले.

चाकाचे दोन दोष असतात, ते वेगळे ओळखावेत. चाक समोरून पाहिले असता वरून आत किंवा बाहेर कलते, त्याला मेकॅनिक कँबर म्हणतात. चाके वरून पाहिली असता पुढे जवळ किंवा फाकलेली दिसतात, ते झाले टो-इन आणि टो-आउट. चाक वरून आत कलले तर आतली कड झिजते. पुढे फाकली तरीही आतलीच कड जाते. मग ओळखायचे कसे? टायरवरून तळवा आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर दोष बहुधा फाकण्याचा आहे.

आता कल कसा मोजावा ते पाहू. खळ्याची किंवा ओट्याची सपाट, टणक जागा घ्यावी. दोन्ही टायरांत सारखी हवा भरावी. स्टेअरिंग सरळ धरून ट्रॅक्टर पाच-सात फूट पुढे चालवून थांबवावा. टायरच्या माथ्यावर आडवी काठी ठेवून तिच्या बाहेरच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा सोडावा. दोरी चाकाच्या मध्यावरून यावी, टायरला टेकू नये. मग दोरीपासून रिमची वरची कड किती आणि खालची कड किती, हे पट्टीने मोजावे. वरचे अंतर जास्त भरले तर चाक वरून आत कलले आहे. १६ इंची रिमवर दोन्ही मापांत ७ ते ८ मिलिमीटर फरक म्हणजे साधारण एक अंश कल. रिमच वाकलेली असू शकते, म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे आणि दोन्हींची सरासरी धरावी. नव्या ट्रॅक्टरची चाके बहुधा वरून किंचित बाहेर कललेली असतात. आत कललेली दिसली तर कुठेतरी झीज आहे असे समजावे.

बैलगाडीचे चाक तुंब्यात सैल झाले की लटपटते, तसाच हा प्रकार. मागच्या चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, पुढचा आस जॅकने उचलावा आणि खाली मजबूत लाकडी ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे, दुसऱ्याने आतून पाहावे. नुसते चाक हलत असेल तर बेअरिंग ढिले आहे. चाकाबरोबर त्याचा दांडाही आसात हलत असेल तर किंग पिनचे बुश गेले. आसाची भोके लांबट झाली असतील, तरी आस रुंद केल्यावर चाक वरून आत झुकते, कारण जोडापासून चाक जितके लांब तितका ताण जास्त.

बेअरिंगचे काम घरी होते. टोपी आणि स्प्लिट पिन काढून, चाक थोडे जड फिरेल इतका नट आवळावा, मग एक खाच मागे घ्यावा. स्प्लिट पिन नवी घालावी, जुनी वाकवून वापरू नये. बुश मात्र दोन्ही बाजूंचे बदलून घ्यावे. आस गॅसने तापवून वाकवू देऊ नका. काही ठिकाणी असे करून देतात, पण पोलाद नरम पडते आणि भरल्या ट्रॉलीसह आस मोडला तर काय होईल हे सांगायला नको.

हल्ली काही पोरं मोटार बुटकी करून आणतात. तिथे चाके वरून आत कलतात, कारण तिची पुढची चाके सुटी उचलली जातात. काही गाड्यांना कँबर बोल्टने कल सुधारता येतो. दोन चाकी ड्राइव्हच्या बहुतेक ट्रॅक्टरांना तसा बोल्ट नसतो, झीजच काढावी लागते. चारचाकी ड्राइव्हचा पुढचा आस वेगळा, तो कंपनीच्या मेकॅनिककडूनच पाहून घ्यावा.

कल सुधारल्यावरच टाय रॉडला हात लावावा, आधी लावला तर माप पुन्हा बिघडते. दोन्ही टायरांच्या मधल्या रेघेवर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूची खूण करावी आणि अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर हळूच पुढे ढकलून त्याच खुणा मागे त्याच उंचीवर आणाव्यात आणि पुन्हा मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा थोडे कमी हवे. अनेक ट्रॅक्टरांना हा फरक ३ ते ६ मिलिमीटर असतो, पण तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा आहे तोच खरा. आस जेवढी भोके वाढवला, तेवढाच टाय रॉडही वाढवावा, उरलेला फरक आट्यांनी काढावा आणि क्लॅम्प घट्ट करावा.

पहिला दिवस काम झाल्यावर आसाचे सगळे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने पाहावेत. हे दहा मिनिटांचे काम आहे.